यूसी-६ च्या खात्यावर



यूसी-६ ही जर्मन पाणबुडी जेमतेम चौतीस मीटर लांबीची होती. तिच्यावर टॉर्पेडोची एकही नळी नव्हती. पाण्यावर ती ताशी सहा सागरी मैल जाई, पाण्याखाली त्याहूनही हळू. तिच्या काळात एखादे कोळशाचे जुनाट मालवाहू जहाजही तिला सहज मागे टाकत असे. आत चौदा-पंधरा माणसे कशीबशी मावत. पहिल्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचा इतिहास सांगणारे लोक सहसा हिच्यापासून सुरुवात करत नाहीत. ते यू-९ पासून करतात. २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी ओटो वेडिगेन या तरुण कप्तानाने अबुकीर, हॉग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश युद्धनौका तास-दीड तासात बुडवल्या आणि सुमारे चौदाशे साठ माणसे मेली. ती गोष्ट सांगायला सोपी आहे, कारण तिच्यात एक नायक आहे आणि पेरिस्कोपमधून पाहणारा एक डोळा आहे. यूसी-६ च्या गोष्टीत तो डोळा नाही. मला आज जे मांडायचे आहे ते नेमके या अभावातून निघते. पाणबुडीची कामगिरी टनांत मोजण्याची जी पद्धत दोन्ही बाजूंनी रूढ केली आणि जी आजही ग्रंथांत जशीच्या तशी चालू आहे, तिने त्या युद्धात बुडालेल्या माणसांचा एक मोठा वर्ग हिशेबाबाहेर ठेवला. त्या वर्गात आपल्या कोकणातले आणि गोव्यातले खलाशी होते.

समुद्र नसलेल्या बीड जिल्ह्यातल्या श्रोत्यांपुढे हा विषय का, हा प्रश्न रास्त आहे. ओढूनताणून नाते मी जोडणार नाही. १९१४ साली हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, हैदराबादचे घोडदळ इजिप्त-पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर गेले, दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती हैदराबादची आहे, एवढे सांगून थांबता आले असते. पण त्याचा पाणबुडीशी संबंध नाही. संबंध आहे तो वेगळ्या जागी, आणि तो माझ्या मते जास्त घट्ट आहे. त्याकडे येण्याआधी ही बोट नीट पाहून घेऊ.

१९१४ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्याने बेल्जियमचा किनारा घेतला. झेब्रुगे आणि ऑस्टेंड ही बंदरे आणि त्यांच्यामागे कालव्याने जोडलेले ब्रूज शहर हाती आल्यावर जर्मन आरमाराला इंग्लंडच्या दारातच एक ओटा मिळाला. तिथून टेम्सचे मुख आणि डोव्हरची सामुद्रधुनी काही तासांच्या अंतरावर. एवढ्या जवळच्या फेऱ्यांना मोठ्या, महागड्या, वर्षभर बांधाव्या लागणाऱ्या बोटी नको होत्या. म्हणून घाईने लहान बोटी आखल्या गेल्या. रेल्वेच्या वाघिणींवर तुकडे घालून नेता याव्यात, हे मापच त्या आखणीत धरलेले होते. यूसी मालिकेच्या पहिल्या पंधरा बोटी अशा घाईतून जन्मल्या. हॅम्बुर्गच्या व्हल्कान गोदीत बांधलेली यूसी-६ ही १९१५ च्या जूनमध्ये आरमारात दाखल झाली. तिच्या पुढच्या भागात सहा तिरप्या नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीत दोन, असे बारा सुरुंग. सुरुंग आपल्या वजनदार पायासकट नळीतून खाली तळाला जाई. पाण्यात विरघळणारी खुंटी काही वेळाने सुटली की सुरुंगाचा गोळा दोरखंडाच्या लांबीइतका वर तरंगत येई आणि तिथे वाट पाहत राही. नळ्या उघड्या, पाण्याने भरलेल्या असत, म्हणून गोळा किती खोलीवर थांबायचा हे बंदरातच ठरवून निघावे लागे. समुद्रावर गेल्यावर मन बदलायची सोय नाही. आणि खुंटी लवकर विरघळली तर सुरुंग बोटीच्याच पोटाखाली वर येई.

हे सगळे तपशील ब्रिटिशांना कसे कळले, तेही सांगण्यासारखे आहे. १९१५ च्या जुलैत यार्मथजवळ यूसी-२ बुडाली. पाणबुड्यांनी तिचे अवशेष तपासले (इथे पाणबुडे म्हणजे पाण्यात उतरणारी माणसे, मराठीत हा गोंधळ होतो खरा) आणि तेव्हा कळले, की इंग्लंडच्या किनाऱ्याला रात्री-बेरात्री सुरुंग पेरणारी जहाजे पृष्ठभागावर शोधून सापडणार नव्हती. पुढे एप्रिल १९१६ मध्ये यूसी-५ वाळूच्या दांड्यावर रुतली आणि जवळजवळ अख्खी ब्रिटिशांच्या हाती लागली. तिला लंडनला टेम्स नदीच्या काठी लोकांसाठी मांडले. नंतर ती अमेरिकेला नेली आणि १९१७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युद्धकर्जाच्या रोख्यांची जाहिरात म्हणून उभी केली. याच यूसी-५ च्या सुरुंगाने नोव्हेंबर १९१५ मध्ये अँग्लिया हे रुग्णालय-जहाज फोकस्टनपुढे बुडवले होते. ज्या वस्तूने जखमी माणसे मारली ती बागेत पाहायला ठेवली, आणि लोकांनी रांग लावून पाहिली. प्रदर्शनात वस्तू येते, तिचा परिणाम येत नाही.

आता २७ फेब्रुवारी १९१६, रविवार. पी अँड ओ कंपनीचे मलोजा हे १२,४३१ टनांचे प्रवासी जहाज आदल्या दिवशी टिलबरीहून मुंबईला निघाले होते. बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फ गोदीत १९११ साली बांधलेले, कंपनीच्या मोठ्या जहाजांपैकी एक. सकाळी साडेदहाच्या सुमारास डोव्हरपासून दोनेक मैलांवर त्याच्या मागच्या भागाखाली स्फोट झाला. सुरुंग यूसी-६ ने पेरलेला होता; तेव्हा तिचा कप्तान माथिआस ग्राफ फोन श्मेटो होता. जहाजाचा कप्तान आयर्विंग याने पुढची गती मारण्यासाठी यंत्रे उलटी चालवण्याचा हुकूम दिला. हुकूम बरोबर होता. गती थांबल्याशिवाय होड्या सोडता येत नाहीत. पण तेवढ्यात यंत्रघरात पाणी भरले आणि उलटी चालू झालेली यंत्रे बंद करायला कोणालाच खाली उतरता येईना. जहाज एका अंगाला कलंडत ताशी आठ-नऊ सागरी मैलांनी मागे मागे धावू लागले. अशा जहाजावरून होडी पाण्यात नीट उतरत नाही. समुद्र खवळलेला, पाणी फेब्रुवारीचे. मदतीला धावलेले एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम हे कोळशाचे जहाज त्याच सुरुंगांच्या पट्ट्यात शिरले आणि तेही बुडाले. स्फोटापासून साधारण चोवीस मिनिटांत मलोजा तळाला गेले. १५५ माणसे मेली. त्यांत भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते आणि बरीच माणसे बुडून नव्हे, तर थंडीने गारठून गेली.

युद्धाच्या हिशेबात मलोजाची नोंद कशी झाली? यूसी-६ च्या खात्यावर एक आकडा चढला: १२,४३१. पाणबुडीच्या कप्तानाला मिळणारे मान आणि पदके या आकड्यांच्या बेरजेवर ठरत. लंडनमधले नौखातेही तोटा याच एककात मांडत असे. हा टन म्हणजे वजन नव्हे, हे बऱ्याच वाचकांच्या ध्यानात नसते. जहाजाचा नोंदणीचा टन म्हणजे शंभर घनफूट बंदिस्त जागा. म्हणजे बुडाली ती जागा, असे तो आकडा म्हणतो. आणि जागेचाच हिशेब घ्यायचा तर तोही करून पाहू. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने जहाजावरच्या गोऱ्या खलाशाला राहायला १२० घनफूट जागा देणे बंधनकारक केले. भारतीय कराराने भरती झालेल्या खलाशाला ही वाढ लागू नव्हती. त्याचा हक्क ३६ घनफुटांचा. जो टन यूसी-६ च्या खात्यावर मोजला गेला त्याच्या एक तृतीयांशाहून जरा जास्त जागेत एक अख्खा माणूस महिनोन्‌महिने राहत होता. मापाच्या याच पट्टीने तो मरण्याआधीही मोजला गेला होता.

ही माणसे कोण होती? पी अँड ओ च्या जहाजांवर कामाची वाटणी जातवार आणि प्रदेशवार ठरलेली असे. डेकवर बहुधा कोकण, गुजरात, काठेवाडचे खलाशी. भट्टीपाशी आगवाले आणि कोळसा ओढणारे कोलवाले बहुतेक पंजाब-सरहद्दीकडचे मुसलमान. प्रवाशांच्या सेवेला, भांडारात गोव्याचे ख्रिस्ती. प्रत्येक टोळीवर एक सारंग, त्याच्या हाताखाली टिंडेल. कंपनी माणसे निवडत नसे. ती सारंगाला सांगे, आणि सारंग आपल्या गावचे, आपल्या भाऊबंदांतले लोक गोळा करून आणी. त्याच्याही वर बंदरावर घाट सारंग नावाचा दलाल. नोकरी लागायची तर त्याच्या हातावर काही ठेवावे लागे, किंवा त्याच्याकडून उचल घेऊन घरी पैसे ठेवून निघावे लागे. मग फेरी संपेपर्यंत पगारातला मोठा वाटा ती उचल फेडण्यात जाई.

या दालनातल्या कोणालाही सारंग म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. तो मुकादम आहे. उचल हा शब्दही इथे नवा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली लाखो माणसे बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रकमधून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. कारखाना त्यांना ओळखत नाही, मुकादमाला ओळखतो. आणि कारखान्याच्या हिशेबात ते माणसे म्हणून नसतात; एक नवरा-बायको मिळून एक कोयता. अमुक मुकादमाकडे इतके कोयते, असे बोलले जाते. त्या कोयत्यात बाई किती, तिचे दुखणे किती, सोबत आलेले पोर किती, हे एककातच बसत नाही. बाई आजारी पडली तर कोयत्याचा खाडा होतो. टन आणि कोयता यांत मला हेच साम्य दिसते: मोजणाऱ्याला जे हवे तेच एकक मोजते, आणि पुढे इतिहास लिहिणारा ते एकक जसेच्या तसे उचलतो. बीडमध्ये यूसी-६ बद्दल बोलण्याचे माझे कारण हे.

इथे आक्षेप येतील, आणि त्यातले काही हलके नाहीत. पहिला असा, की खलाशी मेले याला पाणबुडीचा इतिहास जबाबदार कसा? श्मेटोने मलोजा पाहिलेही नव्हते. सुरुंग निवड करत नाही. गोऱ्याला सोडून काळ्याला मारत नाही. हे खरे आहे. पण निवड न करणे हा सुरुंगाचा गुण म्हणून त्याच्या बाजूने वापरता येत नाही, कारण १९०७ च्या हेग परिषदेत हाच मुद्दा होता. त्या परिषदेच्या आठव्या कराराच्या दुसऱ्या कलमाने केवळ व्यापारी जहाजे अडवण्यासाठी शत्रूच्या बंदरांपुढे सुरुंग पेरायला मनाई केली. जर्मनीने करारावर सही करताना या कलमापुरता आपला अपवाद नोंदवून ठेवला होता, आणि गंमत म्हणजे फ्रान्सनेही. म्हणजे सुरुंग आंधळा असतो हे सगळ्यांना आधीपासून माहीत होते. त्याचा आंधळेपणा कामाचा आहे, हे काहींनी आधीच ठरवून ठेवले होते. त्या कलमातला ‘केवळ’ हा शब्दही पळवाटीसाठीच घातल्यासारखा दिसतो. डोव्हरपुढे युद्धनौकाही ये-जा करत होत्याच.

दुसरा आक्षेप जर्मन बाजूचा आहे आणि तो मी टाळणार नाही. ब्रिटनने नोव्हेंबर १९१४ मध्ये अख्खा उत्तर समुद्र युद्धक्षेत्र ठरवून जर्मनीची नाकेबंदी केली. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन शहरांत लोक बटाट्याऐवजी सलगमासारख्या कंदावर जगले. समुद्रावर उपाशी मारणे आणि समुद्रात बुडवून मारणे यांत नैतिक फरक किती, हा प्रश्न विचारता येतो. मी तो मान्य करतो. पण या युक्तिवादाने ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातला हिशेब बरोबरीत सुटतो. तिसऱ्याचा सुटत नाही. रत्नागिरीच्या खलाशाने कोणाची नाकेबंदी केली नव्हती.

तिसरा आक्षेप ब्रिटिश लिखाणात वारंवार भेटतो. लस्कर, म्हणजे भारतीय खलाशी, थंडीत आणि संकटात धीर सोडतात, म्हणून ते जास्त मरतात, असा त्याचा सूर. मलोजापुरते तरी पुरावे याच्या उलट आहेत. होड्या सोडता आल्या नाहीत त्या भीतीमुळे नव्हे, तर कप्तानाच्या योग्य हुकुमाने उलटी सुरू झालेली यंत्रे पाण्याखाली गेल्यामुळे. यंत्रघरात पाणी कोंडले तेव्हा जो माणूस भट्टीपाशी, तळाशी असतो तो सगळ्यात शेवटी वर येतो, आणि वर आल्यावर त्याच्या अंगावर गोऱ्या अधिकाऱ्यासारखा जाड कोट नसतो. याला स्वभाव म्हणणे म्हणजे जागेच्या वाटपाला रक्ताचा दोष ठरवणे.

चौथा आक्षेप आपल्याकडचेच लोक घेतील: ते स्वखुशीने, पगारासाठी गेले होते. पगार युरोपीय खलाशाच्या सुमारे एक तृतीयांश ते एक पंचमांश होता, हे बाजूला ठेवू. स्वखुशीचा अर्थ काय, हे उचल घेतलेल्या माणसाला विचारावे. शिवाय ब्रिटनच्या १८९४ च्या नौकानयन कायद्यात असा सर्वसाधारण नियम होता, की जहाज फुटले किंवा बुडाले की खलाशाची नोकरी तिथेच संपली, आणि पगार त्या क्षणापर्यंतचाच. बुडालेल्या जहाजाच्या खलाशाला पुढचे दोन महिने काही मिळावे, ही तरतूद १९२५ साली झाली. म्हणजे कराराने माणूस फेरीभर बांधलेला, पण कंपनी जहाज तरंगत असेपर्यंतच बांधलेली. अशा व्यवहाराला एकाच बाजूची खुशी पुरते.

आता तुलनेसाठी एक जहाज. ३० डिसेंबर १९१५ रोजी, म्हणजे मलोजाच्या दोन महिने आधी, मुंबईकडेच निघालेले पी अँड ओ चे पर्शिया क्रीटच्या दक्षिणेला माक्स व्हालेंटिनरच्या यू-३८ ने टॉर्पेडोने बुडवले. तीनशेहून अधिक माणसे मेली. या जहाजाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण एडनला निघालेला अमेरिकेचा वाणिज्यदूत त्यात मेला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. कारण लॉर्ड माँटेग्यू वाचला आणि त्याची चिटणीस एलिनॉर थॉर्नटन बुडाली, जी एका प्रसिद्ध मोटारगाडीच्या नाकावरच्या पुतळीची प्रेरणा मानली जाते. कपुरथळ्याच्या महाराजांचे जवाहीर त्यावर होते, त्याचा शोधही पुढे घेतला गेला. पर्शियाचे भारतीय खलाशी या सगळ्या वाङ्मयात फक्त बेरजेत भेटतात. तेव्हा अडचण सुरुंगाच्या आंधळेपणापुरती नाही. जिथे कप्तानाने डोळ्याने पाहून टॉर्पेडो सोडला तिथेही इतिहासाने पाहिले ते जवाहिराकडे आणि पुतळीकडे.

आणि हे युद्ध दूर युरोपात होते, कोकणी माणूस तिथे गेला म्हणून मेला, असेही नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत वोल्फ या जर्मन लुटारू जहाजाने मुंबईच्या तोंडाशी सुरुंग पेरले, आणि २३ जून १९१७ रोजी मलोजाचीच बहीण शोभणारे मंगोलिया त्यांवर बुडाले. पाणबुडी इथवर आली नाही. तिचे तंत्र आले.

यूसी-६ चा शेवट थोडक्यात सांगता येतो. तिने एकूण ८९ सफरी केल्या आणि तिच्या खात्यावर पन्नासहून अधिक जहाजे जमा झाली. त्यात मासेमारीची लहान गलबतेही होती, हे टनांच्या बेरजेत दिसत नाही. फ्लांडर्सच्या ताफ्यातल्या बोटी फार दिवस टिकत नसत. डोव्हरच्या सामुद्रधुनीत आणि टेम्सच्या मुखापाशी ब्रिटिशांनी पोलादी जाळी आणि त्यांना अडकवलेले सुरुंग यांच्या ओळी सोडल्या होत्या. २७ सप्टेंबर १९१७ च्या सुमारास केंटच्या किनाऱ्यापुढे अशाच जाळ्यात यूसी-६ सापडली आणि स्वतः जे पेरत आली त्यानेच फुटली. सोळा माणसे होती, एकही वाचला नाही. श्मेटो तेव्हा तिच्यावर नव्हता. तो यूसी-२६ वर गेला होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात मिल्न या ब्रिटिश विनाशिकेने त्या बोटीला धडक देऊन बुडवले तेव्हा मेला होता. या सोळा जणांविषयी कडवटपणा बाळगायचे मला कारण दिसत नाही. उघड्या नळ्यांत बारा सुरुंग घेऊन, डिझेलच्या वासात, आपल्याच सुरुंगाच्या भीतीत ती माणसे जगत होती, आणि त्यांनाही कोणी टनांतच मोजले.

पण मेल्यानंतर त्यांना नावे मिळाली. कील शहराजवळ मोल्टेनोर्टला पाणबुड्यांवरच्या मृतांचे स्मारक आहे. तिथल्या फलकांवर पहिल्या महायुद्धातली ४,७४४ नावे आहेत, आणि ती बोटींप्रमाणे लावलेली आहेत. भारतीय खलाशांच्या मृतांचा आकडा इतिहासकार साडेतीन हजारांच्या आसपास देतात. त्यातल्या बंगाल-आसामच्या ८९६ जणांसाठी कोलकात्याला हुगळीकाठी १९२४ साली स्तंभ उभा राहिला. मुंबईत मस्जिद बंदरला, खलाशांच्या निवासात, समुद्राखेरीज ज्यांना थडगे नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. मुंबईकरांपैकी थोड्यांनीच ते पाहिले असेल. मलोजाच्या गोऱ्या खलाशांचे स्मरण लंडनला टॉवर हिलवर होते. भारतीयांचे तिथे होत नाही, मुंबईला होते. यूसी-६ चे सोळा जण मोल्टेनोर्टला आपल्या बोटीच्या नावाखाली एकत्र आहेत. मलोजावर त्या रविवारी एकाच पाण्यात पडलेल्या माणसांची नावे मात्र दोन खंडांतल्या दोन शहरांत ठेवलेली आहेत.